फुकटचा राऊंड

दहावीची परीक्षा संपली की घर एकदम सैल पडतं. यंदा ते आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये घडलं. माझी मुलगी संघमित्रा शेवटचा पेपर देऊन आली, कंपास बॉक्स फ्रीजवर ठेवला, दप्तर पायानेच पलंगाखाली ढकललं आणि मोबाईल घेऊन बाल्कनीत जी बसली ती अजून तिथंच आहे. कानाला हेडफोन आणि मधूनच आरोळी, "अरे मागून येतोय, मागून!" पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना वाटलं, आमच्याकडे चोर शिरला. त्या लाटणं घेऊन दारापर्यंत आल्या होत्या.

मी तिला रागावत नाही, याचं माझ्या नवऱ्याला फार नवल वाटतं. "अगं, जरा ओरड की तिला," असं तो रोज एकदा म्हणतो. मी कोणत्या तोंडाने ओरडू? माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलची एक कळशी आहे. तिच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलंय, 'कु. सुजाता, व्हिडिओ गेम, पहिला नंबर'. लोकांच्या भांड्यांवर लग्नाची नावं असतात, वास्तुशांतीची असतात. असली कळशी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मी छातीठोकपणे सांगते. नवरा म्हणतो, आलेल्या पाहुण्यांसमोर मी ती मुद्दाम नावाची बाजू पुढे करून ठेवते. ठेवते तर ठेवते.

एप्रिल म्हटला की लोकांना आंबा आठवतो. मला कडुनिंबाचा मोहोर आणि तापलेल्या टीव्हीचा वास आठवतो. हे दोन वास एकत्र यायला जागा एकच होती. भिंगारच्या जुन्या बाजारात, कडुनिंबाखाली, रज्जाकभाईंचं गेमचं दुकान. आज बाल्कनीत मोहोराचा बारीक चुरा पडलेला असतो, तो झाडताना मी अजून एक क्षण थांबते आणि दुसरा वास येतो का ते बघते.

आम्ही भिंगारला बैठ्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पप्पा लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. सैनिक नव्हते, पण सैनिकांत राहून चालणं तसंच झालेलं. सकाळी बिगूल वाजायचा, दुपारी लांबून सरावाच्या तोफा ऐकू यायच्या. तोफ उडाली की तावदानं थरथरायची आणि आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "झालं यांचं सुरू." नव्वदच्या दशकातला मधला कुठलातरी उन्हाळा होता तो. मीही दहावीची परीक्षा देऊन बसले होते. जयंतीची मिरवणूक नुकतीच होऊन गेलेली, केसांतली नीळ अजून पुरती निघाली नव्हती. निकाल जूनमध्ये. तोवर करायचं काय, तर आईला काजं-बटणं करून द्यायची आणि शिवलेले ब्लाऊज घरोघर पोचवायचे.

त्यातलं एक घर हसीनाभाभींचं, म्हणजे रज्जाकभाईंच्या बायकोचं. घर दुकानाच्या मागे होतं आणि आत जायची वाट दुकानातूनच. पूर्वी रज्जाकभाई सिनेमाच्या कॅसेट भाड्याने द्यायचे. केबल आली, कॅसेटा कुणी विचारीना, तेव्हा त्यांनी पुण्याहून टेम्पोत घालून तीन मशीन आणली. एकावर गाड्यांची शर्यत, एकावर विमानं, आणि तिसरं मारामारीचं. दारावर ओलं गोणपाट, आत अंधार, स्टॅबिलायझरची टकटक, कोपऱ्यात लोबानाचा धूर. त्या धुरात दहाबारा पोरं मारामारीच्या मशीनला वेढा घालून उभी असायची. मी ब्लाऊजची पिशवी छातीशी धरून त्या वेढ्याच्या बाहेर टाचा उंचावून बघायची. दोन ब्लाऊज द्यायचे असले की मी मुद्दाम दोन फेऱ्या करायची. भाभींच्या बाह्या तर मी इतक्या वेळा 'जरा सैल करून आणते' म्हणून परत नेल्या, की आईने शेवटी विचारलं, "त्या बाईचे दंड रोज बदलतात का गं?"

भाभींना माझं सोंग कधीच कळलं होतं. मागच्या दारात स्टुलावर बसून त्या सुपारी कातरायच्या आणि दुकानावर नजर ठेवायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बास झालं बघनं. ये, हात लाव." आणि त्यांनी स्वतःच्या बटव्यातलं नाणं माझ्या हातात दिलं. माझं ते पहिलं नाणं. घामाने ओलं झालं होतं मुठीत.

नंबर लावायची तिथली रीत अशी, की आपलं नाणं मशीनच्या काचेच्या खालच्या कडेला ठेवायचं. एकाशेजारी एक अशी नाण्यांची रांग लागायची. जिंकणारा उभा राहायचा, हरणारा बाजूला व्हायचा, आणि रांगेतल्या पुढच्या नाण्याचा मालक दांडी धरायचा. दुसऱ्याच्या नाण्याला कुणी बोट लावत नसे. तोफ उडाली की ती सगळी रांग किणकिणायची आणि रज्जाकभाई लांबूनच ओरडायचे, "सरकू देऊ नका रे, ज्याचं त्याचं जागेवर ऱ्हाऊ द्या." आमच्या भागात नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, आणि आडनावावरून वस्ती ओळखतात. त्या दुकानात मला आडनाव कुणी विचारलं नाही. त्या गोष्टीचा मला किती आनंद व्हायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा पहिला सामना बाळ्याशी झाला. बाळ्या जवळच्या गावातून सायकलला किटल्या अडकवून कॅन्टोन्मेंटात दूध घालायला यायचा. बारा-पंधरा एकराचं घर, वागायला मोकळा आणि भिंगारातला सगळ्यात भारी खेळणारा. रिकाम्या किटल्या दाराशी ठेवून तो आत शिरला की पोरं आपोआप वाट द्यायची. त्याने मला बघितलं, हसला आणि म्हणाला, "या मॅडम." मी इतके दिवस नुसतं बघत होते. कुणाची उडी कधी येते, बाळ्या लाथ मारायच्या आधी अर्धं पाऊल मागे घेतो, हे सगळं माझ्या डोक्यात बसलं होतं. पहिला राऊंड मी मारला. दुसराही मारला, पहिल्याहून लवकर. आणि टाळ्या पडतील म्हणून मागे वळले, तर दुकानात कुणी हूं की चूं नाही.

बाळ्या नाण्याच्या फटीकडे बघत म्हणाला, "राऊंड न्हाई दिला व्हय?"

मला काही कळेना. जिंकल्यावर अजून द्यायचं काय असतं? पोरं एकमेकांकडे बघत होती. बाळ्या किटल्या उचलून गेलासुद्धा. मी रडकुंडीला येऊन भाभींकडे गेले. त्या हसल्या नाहीत. सुपारी खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, त्याने पन नाणं टाकलंय ना? आल्या आल्या दोन्ही राऊंड मारलेस, तो खेळला किती? पाहुना आला की पानी तरी देतो की नाही आपण? पहिला जिंकली ना, मग दुसरा त्याला द्यायचा. तिसरा खरा."

ही होती त्या दुकानाची खरी रीत. पहिला राऊंड जिंकला की दुसरा समोरच्याला द्यायचा, म्हणजे त्याच्या नाण्याचं सार्थक होतं. पण देण्यातही गंमत होती. नुसते हात सोडून उभं राहणं म्हणजे समोरच्याचा अपमान. दोन ठोसे द्यायचे, चार खायचे, एखादी उडी जरा उशिरा मारायची, आणि त्याला वाटलं पाहिजे की त्यानेच कमावला. भाभी म्हणायच्या, "वाढताना हात दिसला नाही पायजे." दुसऱ्या दिवशी मी बाळ्याच्या नाण्यामागे माझं नाणं ठेवलं आणि तोंडावर म्हटलं, "मला माहीत नव्हतं." त्याने मान हलवली. मी पहिला राऊंड जिंकला, दुसरा दिला, इतका बेमालूम दिला की बाळ्याने आनंदाने मशीनवर थाप मारली, आणि तिसरा त्याने खरोखरच मारला. हरूनही मला त्या दिवशी कसं हलकं वाटलं होतं!

गावात गोष्ट लपते थोडीच. एका संध्याकाळी जेवताना पप्पा म्हणाले, "डेपोत एक जण सांगत होता, तुमची मुलगी गेमच्या दुकानात उभी असते." आईचा हात भाकरीवरच थांबला. 

"नाणी कुठून आणतेस?"

"काजं-बटणांची. आई देते."

पप्पांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, आणि म्हणूनच जास्त भीती वाटायची. "जाऊ नको, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण या बाजारात माझं नाव आहे. ते आपोआप झालेलं नाही. तू तिथं उभी राहतेस म्हणजे तुझंही नाव होणार, बरं नाहीतर वाईट. एक वाकडा शब्द कानावर आला की त्या दिवसापासून बंद. आणि मी तुला विचारायला येणार नाही. मी बाजाराला विचारीन."

झालं! त्या उन्हाळ्यात माझं सगळं एका गोष्टीवर येऊन टांगलं, बाजार पप्पांना काय सांगेल. हरण्या-जिंकण्याची भीती कधीच गेली होती. भीती होती ती कुणीतरी सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीवर, भाजीच्या पाटीपाशी सहज काहीतरी बोलून जाईल याची, आणि मग ते ओलं गोणपाट मला कायमचं बंद होईल याची. पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं झोप उडवायला.

मग मी नाव कमवायच्या मागे लागले. तेव्हा त्याला असं काही म्हणत नव्हते, पण होतं तेच. एकदा बाळ्या जिंकत आलेला, पडद्यावरची माझ्या जिवाची पट्टी केसाएवढी उरलेली, आणि लाईट गेली. भर दुपारची लाईट जायची ती तास-तास यायची नाही. लाईट आल्यावर मशीन कोरं. नियमाने आम्ही दोघांनी पुन्हा नाणं टाकायचं. मी म्हटलं, "तू जिंकला होतास. आता तू उभा राहा, मी रांगेत जाते," आणि माझं नाणं सगळ्यात मागे ठेवून आले. बाळ्या माझ्याकडे बघतच राहिला. "लई भारी हाय ही," तो पोरांना म्हणाला, आणि त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले. उजव्या बाजूचं लाथेचं बटण अडकायचं. तिथे खेळणारा निम्मा आधीच हरलेला असायचा. मी ती बाजू घ्यायला लागले. मला त्या अडक्या बटणाची इतकी सवय झाली की चांगल्या बटणावर माझी बोटं चुकायची! नवखा पोरगा हरून तोंड पाडून चालला की त्याला बाजूला घेऊन सांगायचं, तू उडी फार मारतोस, जमिनीवर राहा. तोच पोरगा आठवड्याने मला हरवायचा. राग यायचा मनात, खोटं कशाला बोलू, पण घरी जाताना चाल मात्र ऐटबाज असायची.

आज संघमित्राचा खेळ मी बघते तेव्हा या गोष्टींची आठवण होते. परवा ती हरायला लागली आणि सरळ मोबाईल पालथा टाकून पाणी प्यायला उठली. मी विचारलं, "अगं, तो समोरचा?" "कोण समोरचा?" ती म्हणाली. खरंच आहे, तिला तो दिसतच नाही. आमचा 'समोरचा' अगदी खेटून उभा असायचा, त्याच्या कोपराचा धक्का लागायचा, घामाचा आणि दुधाच्या किटलीचा वास यायचा. हरल्यावर तोंड कुठे लपवणार? पण लगेच दुसऱ्या दिवशी मी तिला कुणालातरी सांगताना ऐकलं, "घाबरू नको, तू माझ्या मागे राहा, मी आहे." आवाज हुबेहूब तिच्या आजोबांचा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कळशी घासली.

मे संपताना रज्जाकभाईंनी स्पर्धा ठेवली. बक्षीस भाभींनी निवडलं, आणि तिथेच त्यांची हुशारी. बाजारातल्या समस्त आया त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडायच्या. तेव्हा बक्षीस काय, तर स्टीलची कळशी. "पोरगं घरी कळशी घेऊन गेलं ना," भाभी म्हणाल्या, "की आई तोंड उघडनार नाही." रज्जाकभाईंनी सगळ्यांना गोळा करून बजावलं, स्पर्धेत राऊंड द्यायचा नाही, प्रत्येक राऊंड खरा. आणि बाहेरच्या पोरांनाही येऊ देणार. केडगावची पोरं आली, नगरची आली. सावेडीहून दोन स्कूटर आल्या. त्यातला एक निखिल, गोरा, घड्याळवाला, घरी टीव्हीला लावायचा गेम असलेला. खेळायचा मात्र खरंच सुंदर. त्याच्या हाताला घाई नव्हती.

बाळ्याला त्याने हरवलं. बाळ्या बाहेर आला, किटलीवर बसला आणि म्हणाला, "ताई, आता तूच हायेस. त्यो उडी मारूनच येतो, ध्यानात ठेव." शेवटचा सामना निखिल आणि मी. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गोणपाट वर गुंडाळलेलं, रस्त्यापर्यंत माणसं. त्यात पिठाच्या गिरणीवाले होते, भाजीवाल्या मावशी होत्या, सलूनवाला तर हातात कात्री घेऊनच आलेला. म्हणजे पप्पा ज्याला विचारणार होते तो सगळा बाजार तिथे हजर होता. 

पहिला राऊंड निखिलने मारला. चोख मारला, मला काही बोलायला जागाच नव्हती. दुसरा सुरू झाला आणि त्याने दांडीवरचे हात काढले, छातीवर घडी घातली आणि मित्रांकडे वळून हसला. "लेडीज आहे. एक तरी घेऊ दे बिचारीला."

 मग बाळ्या ओरडला, "स्पर्धेत राऊंड देत न्हाईत, भाऊ! खेळा की सरळ!" रज्जाकभाई पुढे यायला लागले. त्या दुकानात मी शेकड्याने राऊंड दिले होते आणि घेतलेही होते. देणारा वाढताना हात लपवायचा, म्हणून घेणाऱ्याला लाज नसायची. हा मला चारचौघांत हात दाखवून वाढत होता. माझ्या कानशिलांना आग लागली. चार ठोसे मारले असते तर राऊंड माझा होता, कळशीही कदाचित माझीच. पण ती घरी नेऊन मी पप्पांच्या समोर ठेवली कशी असती?

मीही दांडी सोडली. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पडद्यावर दोघं पैलवान जागच्या जागी झुलत उभे. वरचं घड्याळ नव्व्याण्णववरून खाली यायला लागलं. निखिल म्हणाला, "अगं, मार ना. फुकट देतोय."

"फुकट नको," मी म्हटलं. 

त्या मशीनचा नियम असा होता, की वेळ संपली आणि दोघांच्या पट्ट्या सारख्याच राहिल्या तर तो राऊंड कुणाचाच नाही, आणखी एक खेळायचा. पोरांच्या ते लक्षात आलं आणि कुणीतरी मोठ्याने आकडे म्हणायला लागलं. मग सगळेच म्हणायला लागले. भाजीवाल्या मावशीसुद्धा. निखिलने एकदा दांडीकडे हात नेला, पण सगळ्या दुकानाची नजर त्याच्या हातावर होती. त्याने तो मागे घेतला. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा जो आवाज झाला, तो मी अजून विसरलेले नाही.

मग मात्र खरं खेळलो. पुढचा राऊंड मी मारला. तो उडी मारूनच आला आणि मी जमिनीवर राहिले. आता एकेक झाला, शेवटचा उरला. निखिलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, दात ओठांवर. हा माणूस आता माझ्याशी खेळत होता आणि मला तेवढंच हवं होतं. व्होल्टेज उतरलं, चित्र आक्रसलं, स्टॅबिलायझर टकटकला, कुणीतरी "या अल्ला" म्हणालं, कुणीतरी "लाईटबाई, थांब गं!" चित्र परत पसरलं. माझी पट्टी केसाएवढी, त्याचीही तेवढीच. त्याने उडी घेतली. मी ते अडकं बटण दाबलं, जे फक्त माझ्याच अंगठ्याला कळायचं, आणि माझी लाथ बसली.

बाळ्याने किटलीचं झाकण किटलीवर असं काही बडवलं की बाहेरचं कुत्रं पळालं. भाभी स्टुलावर उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी कळशी माझ्या डोक्यावर ठेवली आणि ती डोक्यावर घेऊनच मी त्या गर्दीत वळले. कळशीत सगळा गलका घुमत होता. जिंकले होते मी, जिंकले होते!  मग निखिल माझ्यापुढे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. सगळे राऊंड खरे." आणि आला तो. पुढे बरेच रविवार येत राहिला. आज आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत त्याचं औषधांचं दुकान आहे. सुट्टे परत देताना तो नाणं माझ्या हातात देत नाही. काउंटरच्या काचेच्या कडेला ठेवतो आणि हसतो. त्याच्या नोकराला वाटतं, साहेबांना काहीतरी झालंय.

घरी आल्यावर आईने कळशी बोटाने वाजवून पाहिली. "गेममध्ये कळशी देतात?" असं विचारून तिने बूड उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "जाड आहे." तिचा प्रश्न मिटला. माझा मिटला नव्हता. चारचौघांत, बाहेरच्या पोराशी, हात मागे घेऊन केलेला तमाशा. बाजार याला काय म्हणेल? पप्पा त्या दिवशी ड्यूटीवर होते. घरी आल्यावर त्यांनी कळशी पाहिली, वाचली, आणि जागेवर ठेवली. नाव नंतर कोरलं जाईल असं भाभी म्हणाल्या होत्या, तेव्हा त्यावर फक्त किमतीची चिकटपट्टी होती. ती पप्पांनी वाचली.

रविवारी पप्पा दाढी करायला सलूनला गेले. नेहमीपेक्षा उशीर झाला. मी काजं करायला बसले आणि सुई बोटातच घुसत होती. सायकलचं स्टँड वाजलं. दारातूनच हाक आली, "सुजा, इकडे ये."

गेले. दाढी अगदी गुळगुळीत झालेली, कानामागे साबण तसाच.

"सलूनमध्ये सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते," पप्पा म्हणाले. "गिरणीवाला उठून मला खुर्ची द्यायला लागला. मला निम्मं कळलं नाही. राऊंड म्हणजे काय?"

मी दोन वाट्या पालथ्या घातल्या, हा तो, ही मी, असं करून सांगितलं. राऊंड का देतात, कसा देतात, निखिलने कसा दिला. डेपोत माल मोजून घेताना ऐकत असतील तसं त्यांनी ऐकलं.

"म्हणजे त्याने दिला आणि तू घेतला नाहीस."

"नाही."

"का?"

"तसा दिलेला मला नको होता, पप्पा."

त्यांनी दोन्ही वाट्या सरळ केल्या. मग उठले, शर्टाची कॉलर नीट केली. "चल."

"कुठे?"

"दुकानात. बघू दे काय ते."

पप्पा गोणपाट बाजूला सारून आत आले तेव्हा सगळी पोरं सरळ उभी राहिली. रज्जाकभाई खुर्ची आणायला धावले. पप्पांनी ती घेतली नाही. खिशातून नाणं काढलं, कडेला रांगेत ठेवलं आणि आपली पाळी येईपर्यंत हात बांधून उभे राहिले. माझं नाणं त्यांच्या आधी होतं; मी जिंकत जिंकत त्यांच्यापर्यंत आले. त्यांनी दांडी अशी धरली, जशी सायकलची मूठ. खेळ सुरू झाल्यावर हळूच विचारलं, "यातला मी कोणता?" पहिला राऊंड कधी संपला ते त्यांना कळलंच नाही.

दुसरा अर्थातच मी द्यायला घेतला. रीतच होती, आणि समोर पप्पा होते. दोन ठोसे दिले, चार खाल्ले, एक उडी उशिरा मारली. आजवर कुणाला ओळखू आलं नव्हतं. पण पप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

त्यांनी दांडी सोडली. दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. त्यांची पट्टी माझ्याहून जास्त होती, तशीच सोडून दिली.

"आरं, काका बी घेत न्हाईत!" बाळ्या किंचाळला, आणि सगळं दुकान पोटभर हसलं. पप्पाही हसले. सबंध बाजारासमोर त्यांना असं मी पहिल्यांदाच बघत होते. मी डोळे पुसले आणि मला जसं खेळता येत होतं तसं खेळले. ते क्षणात हरले. रज्जाकभाई म्हणाले, "साहब, बसा आता, चहा घ्या."

"थांबा," पप्पा म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला, दुसरं नाणं काढलं, आणि बाळ्याच्या नाण्यामागे, काचेच्या कडेला, नीट सरळ करून ठेवलं.